कर्नल आणि युझरची मेमरी: भिंत नेमकी कुठे असते, आणि ती दोन्ही बाजूंनी का लागते

प्रश्न बडोद्याचा आहे. दांडिया बाजारात रविवारी सकाळी जमणाऱ्या अभ्यासगटातल्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लिनक्ससाठी छोटा कॅरेक्टर ड्रायव्हर लिहिला. त्यातल्या राइट फंक्शनमध्ये युझर प्रोग्रामकडून आलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, त्याने थेट वापरला, म्हणजे बफरचा पहिला बाइट सरळ उचलला. कॉलेजच्या लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-५ डेस्कटॉपवर हे बिनतक्रार चाललं. घरच्या नव्या लॅपटॉपवर कोड तोच, कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तोच, पण प्रोग्राम ‘किल्ड’ एवढंच म्हणून मेला आणि डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, ‘सुपरवायझर रीड ॲक्सेस इन कर्नल मोड’ आणि त्याखाली ‘परमिशन्स व्हायोलेशन’ अशा ओळी आल्या. त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. कर्नलला सगळे अधिकार असतात, तर मग कर्नललाच परवानगी नाकारतंय कोण? आणि या दोन मेमरी रॅममध्ये वेगवेगळ्या जागी असतात का?

दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’. पहिल्याचं उत्तर असं, की प्रोसेसर नाकारतोय आणि तसं करायला कर्नलनेच त्याला बूट होताना सांगून ठेवलंय. लॅबच्या डेस्कटॉपमध्ये ती सोय नव्हती, म्हणून तिथे चूक झाकली गेली. कोड दोन्हीकडे चुकीचाच आहे.

आधी रॅमचं बघू, कारण गैरसमज बहुतेक तिथूनच सुरू होतो. पुस्तकातल्या आकृतीत एक उभा चौकोन असतो, वर ‘कर्नल’, खाली ‘युझर’. ती आकृती रॅमची नाही, पत्त्यांची आहे. प्रत्यक्ष रॅम ४०९६ बाइटच्या फ्रेमांमध्ये वाटलेली असते आणि कुठलीही फ्रेम कुणालाही मिळू शकते. आत्ता एखाद्या नेटवर्क पॅकेटसाठी कर्नलने वापरलेली फ्रेम क्षणभराने तुमच्या प्रोग्रामने मॅलॉकने मागितलेल्या मेमरीला मिळेल. म्हणून युझरला फ्रेम देताना कर्नल ती शून्यांनी पुसून देतो. तसं केलं नाही तर मागच्याचा पासवर्ड पुढच्याच्या हातात पडेल. रॅमच्या चिपवर कर्नलची हद्द दाखवणारी रेघ कुठेही नसते.

हद्द आहे ती पत्त्याकडून फ्रेमकडे जाणाऱ्या वाटेवर. प्रोग्राम वापरतो तो पत्ता आभासी. त्याचा खरा पत्ता काढायला प्रोसेसर पेज टेबल, म्हणजे आभासी पत्त्याची फ्रेम सांगणारे तक्ते, चाळतो. एक्स८६-६४ वर नेहमीच्या मांडणीत पत्त्याचे ४८ बिट कामाचे असतात. वरचे ९ बिट पहिल्या पातळीच्या टेबलातली नोंद सांगतात, पुढचे ९ दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या, आणि उरलेले १२ बिट त्या ४०९६ बाइटच्या पेजमधली जागा सांगतात. ९ बिट म्हणजे ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे एक टेबल बरोबर एका पेजात बसतं. सगळ्यात वरच्या टेबलाचा खरा पत्ता सीआर३ या रजिस्टरमध्ये असतो. प्रोसेस बदलली की सीआर३ बदलतो आणि त्याबरोबर पत्त्यांचं अख्खं जग बदलतं.

आता प्रत्येक नोंदीत पत्त्याखेरीज काही खुणेचे बिट असतात. बिट ० म्हणजे पेज हजर आहे का, बिट १ म्हणजे लिहायची मुभा, बिट २ म्हणजे युझरला खुलं आहे का, आणि वरच्या टोकाचा बिट ६३ म्हणजे इथून कोड चालवायला मनाई. आपल्या कामाचा बिट २. दुसऱ्या बाजूला प्रोसेसर स्वतः कोणत्या पदावर आहे हे सीएस रजिस्टरच्या खालच्या २ बिटांत असतं: ० म्हणजे कर्नल, ३ म्हणजे युझर. मधली १ आणि २ ही पदं लिनक्स आणि विंडोज दोघंही वापरत नाहीत. प्रत्येक वाचन, प्रत्येक लेखन, प्रत्येक सूचना उचलताना प्रोसेसर या दोन गोष्टी ताडून पाहतो. पद ३ आणि वाटेवरच्या चारही पातळ्यांपैकी कुठल्याही एका नोंदीत बिट २ शून्य असेल, तर पेज फॉल्ट, म्हणजे प्रोसेसर ते काम थांबवून कर्नलला बोलावतो. भिंत म्हणतात ती एवढीच.

हा ताळा दर वेळी पाहूनही महाग पडत नाही, कारण एकदा काढलेला पत्ता खुणांसकट टीएलबी या प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यात ठेवलेला असतो. त्याची उलटी बाजू लक्षात ठेवा. पेज टेबलातला बिट बदलला आणि टीएलबीतली जुनी नोंद पुसली नाही, तर प्रोसेसर जुन्याच परवानगीने चालत राहतो. एकापेक्षा जास्त कोअर असतील तर प्रत्येकाचा टीएलबी पुसावा लागतो. ‘मी पेज रीड-ओन्ली केलं तरी लिहिता येतंय’ अशा तक्रारीत दहातल्या बहुतेक वेळा हेच निघतं.

४८ बिटांचं मिळून २५६ टेराबाइटचं पत्त्यांचं मैदान होतं. त्याचे दोन तुकडे. खालचे १२८ टेराबाइट युझरचे, वरचे १२८ कर्नलचे. ६४ बिटांत लिहिताना ४७ क्रमांकाचा बिट वरच्या सगळ्या जागांवर तसाच पसरावा लागतो, म्हणून युझरचे पत्ते चार शून्यांनी सुरू होतात आणि कर्नलचे चार ‘एफ’नी. मधलं अवाढव्य खिंडार कुणाचंच नाही. त्या खिंडारातला पत्ता वापरला तर पेज फॉल्टसुद्धा होत नाही, थेट जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. डीमेसगमध्ये ‘सेगफॉल्ट’ऐवजी ‘जनरल प्रोटेक्शन’ दिसलं की पॉइंटरमध्ये पत्ता नसून कचरा आहे, असा पहिला संशय घ्यावा.

वरच्या टेबलाच्या ५१२ नोंदींपैकी ० ते २५५ प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या. २५६ ते ५११ सगळ्या प्रोसेसमध्ये सारख्याच, म्हणजे कर्नलचा अर्धा भाग प्रत्येकाच्या नकाशात चिकटवलेला. असं का केलं? सिस्टिम कॉल झाला तर सीआर३ बदलायला नको, टीएलबी तापलेला राहावा, आणि कर्नलला युझरचा डेटा त्याच नकाशात समोर दिसावा म्हणून. ३२ बिटांच्या काळात ही वाटणी ३ गीगाबाइट युझर आणि १ गीगाबाइट कर्नल अशी होती, आणि त्या एका गीगाबाइटात कर्नल फक्त ८९६ मेगाबाइट रॅम थेट पाहू शके. त्यापलीकडच्या रॅमसाठीचा, म्हणजे हायमेमचा, सगळा खटाटोप त्यातून आला. ६४ बिटांत जागेची ती चणचण संपली. आता कर्नल आपल्या अर्ध्यात अख्ख्या रॅमचाच एक सलग नकाशा ठेवतो.

त्यातून एक गमतीची गोष्ट निघते, जी फारशी कुणी सांगत नाही. तुमच्या प्रोग्रामच्या प्रत्येक पेजला दोन पत्ते असतात. एक तुमचा, बिट २ लागलेला. दुसरा कर्नलच्या त्या सलग नकाशातला, बिट २ नसलेला. फ्रेम एकच, वाटा दोन, शिक्के वेगळे. हे डोक्यात बसलं की ‘कर्नलची मेमरी’ आणि ‘युझरची मेमरी’ हे शब्द जागेचे नसून वाटेचे आहेत, हे आपोआप कळतं.

युझर पदावरून कर्नल पदावर जायचं तर वाट्टेल तिथून शिरता येत नाही. जुन्या बडोद्याला लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट असे ठरलेले दरवाजे आहेत. तसंच इथेही आहे: सिस्टिम कॉलची सूचना, बाहेरून आलेला इंटरप्ट, आणि प्रोग्रामच्याच चुकीने उठलेलं एक्सेप्शन. तिन्हींचे पोचायचे पत्ते कर्नलने बूट होताना लिहून ठेवलेले असतात. ‘सिसकॉल’ ही सूचना चालली की प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये ठेवतो, फ्लॅग आर११ मध्ये ठेवतो, पद ० करतो आणि एलस्टार नावाच्या खास रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी मारतो. तो पत्ता युझरला बदलता येत नाही, कारण ते रजिस्टर लिहिण्याची सूचनाच पद ३ वर चालत नाही.

एक गोष्ट मात्र ‘सिसकॉल’ करत नाही: स्टॅक पॉइंटर बदलत नाही. म्हणजे पहिल्या काही सूचनांपुरता कर्नल पद ० वर असतो आणि आरएसपी युझरचाच असतो. तो कुठेही दाखवत असू शकतो. म्हणून आत शिरल्याबरोबर ‘स्वॅपजीएस’ करून कर्नल आपल्या प्रति-सीपीयू डेटाचा पत्ता मिळवतो आणि तिथून त्या थ्रेडचा स्वतःचा १६ किलोबाइटचा कर्नल स्टॅक उचलतो. युझरच्या स्टॅकवर कर्नलने काम का करू नये? त्याच प्रोसेसमधला दुसरा थ्रेड त्याच क्षणी तिथला परतीचा पत्ता बदलू शकतो, आणि मग पद ० वरचा कोड त्याला हवा तिथे परतेल. परतीच्या वाटेवरही असाच खड्डा आहे. ‘सिसरेट’च्या वेळी आरसीएक्समध्ये त्या खिंडारातला पत्ता असेल, तर इंटेलचा प्रोसेसर फॉल्ट उठवतो तो अजून पद ० वर असतानाच, आणि तोवर आरएसपी युझरचा झालेला असतो. २०१२ मध्ये याच एका बारकाव्यामुळे फ्रीबीएसडी, विंडोज आणि झेन (एक्सने सुरू होणारा हायपरवायझर) यांना एकाच वेळी दुरुस्ती काढावी लागली.

इथपर्यंत झालं ते युझरला कर्नलपासून रोखणं. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

बिट २ चा नियम मुळात एकेरी होता. पद ३ ला बिट २ नसलेलं पेज बंद, पण पद ० ला सगळंच खुलं, युझरची पेजसुद्धा. भिंत होती, पण आतल्या बाजूने दार उघडंच. बरीच वर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण कर्नल हा विश्वासातला कोड. पण विश्वासातला कोडही चुकतो. कर्नलमध्ये एखादा फंक्शन पॉइंटर शून्य राहिला आणि तो चालवला, तर कर्नल पत्ता शून्यावर उडी मारतो. पत्ता शून्य युझरच्या हद्दीत येतो. हल्लेखोराने आपल्या प्रोग्राममध्ये शून्य पत्त्यावर पेज मागून तिथे आपला कोड ठेवला असेल, तर तो कोड पद ० वर चालतो. २००९ मध्ये लिनक्सच्या सॉकेटच्या सेंडपेज मार्गात नेमकं हेच सापडलं होतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे युझरला सगळ्यात खालचे पत्ते मागूच न देणं. बहुतेक वितरणांत एममॅप_मिन_ॲडर ६५५३६ असतं ते त्यासाठी.

खरा उपाय प्रोसेसरमध्ये आला. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून स्मेप, म्हणजे पद ० वर असताना बिट २ लागलेल्या पेजवरून कोड चालवायला बंदी. २०१४ च्या ब्रॉडवेलपासून स्मॅप, म्हणजे पद ० वरून अशा पेजवरचा डेटा वाचायला-लिहायलाही बंदी. एएमडीकडे २०१७ च्या झेन (झेडने सुरू होणाऱ्या) प्रोसेसरांपासून दोन्ही आहेत. सीआर४ रजिस्टरचे २० आणि २१ क्रमांकाचे बिट ही दोन कुलपं, आणि कर्नल ती बूट होतानाच लावून टाकतो. चौथी पिढी म्हणजे हॅसवेल: स्मेप आहे, स्मॅप नाही. लॅबच्या डेस्कटॉपवर तुमचा बाइट मिळाला आणि लॅपटॉपवर प्रोग्राम मेला, यातला फरक एवढाच. खात्री करायची तर दोन्ही मशीनवर प्रॉकमधल्या सीपीयूइन्फो फाइलच्या फ्लॅग्जच्या ओळीत एसएमएपी शोधा.

ऊप्समधला, म्हणजे कर्नलने आपल्या चुकीच्या छापलेल्या त्या अहवालातला, एरर कोडही हेच सांगतो. तुमच्याकडे तो १ आला असेल. बिट ० म्हणजे किंमत १: लागला असेल तर पेज हजर होतं पण परवानगी नव्हती, नसेल तर पेजच नव्हतं. बिट १ म्हणजे किंमत २: लिहिताना. बिट २ म्हणजे किंमत ४: युझर पदावरून. बिट ४ म्हणजे किंमत १६: कोड उचलताना. कोड १ म्हणजे कर्नल पदावरून, वाचताना, हजर असलेल्या पेजवर नकार. पत्ता चार शून्यांनी सुरू होणारा, म्हणजे युझरचा. याचा अर्थ स्मॅपशिवाय दुसरा होत नाही. शून्य पॉइंटर असता तर कोड ० आणि ‘नॉट-प्रेझेंट पेज’ आलं असतं. हाच तक्ता साध्या प्रोग्रामच्या सेगफॉल्टलाही लागू पडतो. ४ म्हणजे नसलेलं पेज वाचलं, ६ म्हणजे नसलेल्या पेजवर लिहिलं, ७ म्हणजे रीड-ओन्ली पेजवर लिहिलं. डीमेसगमध्ये हा आकडा हेक्समध्ये छापतात, म्हणून ‘एरर १४’ दिसलं तर ते सोळा अधिक चार समजा: नसलेल्या पत्त्यावर उडी, बहुतेक वेळा बिघडलेला फंक्शन पॉइंटर. युझर प्रोग्रामने कर्नलच्या अर्ध्यातला पत्ता वाचला तर ५ येतो, आणि तिथे पेज असो वा नसो ५ च येतो. कर्नल तो बिट मुद्दाम लावून टाकतो, नाहीतर फॉल्ट मोजून मोजून कर्नल कुठे बसलाय याचा नकाशा कुणीही काढला असता.

मग कर्नलने युझरचा डेटा घ्यायचा कसा? कॉपी_फ्रॉम_युझर. याकडे मेमकॉपीचं लांबलचक नाव म्हणून पाहू नका, आत चार कामं होतात. एक, पत्ता आणि लांबी मिळून अख्खा पट्टा युझरच्या हद्दीत आहे का, हे बघणं. बेरीज करताना आकडा फिरून शून्याकडे गेला नाही ना, हेसुद्धा त्यातच. दोन, ‘स्टॅक’ नावाच्या सूचनेने फ्लॅगमधला १८ क्रमांकाचा बिट लावून स्मॅपचं कुलूप तेवढ्यापुरतं उघडणं (या ‘स्टॅक’चा वर सांगितलेल्या स्टॅकशी संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा). तीन, नक्कल करणं, आणि नक्कल करणाऱ्या सूचनेचा पत्ता एका खास यादीत आधीच नोंदवलेला असणं. पेज फॉल्ट झाला आणि तो भरून काढता आला नाही, तर कर्नल या यादीत बघतो. सूचना यादीत असेल तर ऊप्सऐवजी ठरलेल्या सुटकेच्या जागी जातो. चार, ‘क्लॅक’ने कुलूप परत लावणं.

तुमच्या थेट वाचनात यातलं एकही काम नव्हतं. लॅबच्या मशीनवरसुद्धा त्याचा परिणाम फक्त ‘चाललं’ एवढा नाही. प्रोग्रामने चुकीचा पॉइंटर दिला असता तर तिथेही ऊप्सच आला असता, कारण तुमची सूचना यादीत नाही. मुद्दाम दिलेला कर्नलच्या अर्ध्यातला पत्ता रीड-राइटच्या वाटेवर ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधीच अडवला जातो, पण आयऑक्टलसारख्या मार्गात अशी आधीची तपासणी नसते. तिथे हीच चूक असती, तर तुमच्या ड्रायव्हरने निमूटपणे कर्नलचा बाइट वाचून दिला असता. आणि तिथे युझरच्या पत्त्यावर थेट लिहिण्याची चूक असेल तर कुठलाही साधा युझर कर्नलमध्ये हवं तिथे लिहू शकेल. स्मॅप याला थांबवत नाही, तो फक्त युझरच्या पेजांना कुलूप लावतो. हद्दीची तपासणी विसरणं अनुभवी हातूनही होतं. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ च्या वेटआयडी सिस्टिम कॉलमध्ये तेवढी एकच तपासणी राहून गेली, आणि साध्या युझरला कर्नलच्या पत्त्यावर लिहिता येऊ लागलं.

कॉपी_फ्रॉम_युझर वापरतानाही हमखास होणाऱ्या चुका आहेत.

ते फंक्शन किती बाइट नक्कल झाले ते सांगत नाही, किती राहिले ते सांगतं. शून्य म्हणजे सगळं ठीक. बरेच जण तोच आकडा जसाच्या तसा परत करतात. मग १०० पैकी ४० राहिले तर प्रोग्रामला वाटतं ४० बाइट लिहिले गेले. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट, म्हणजे उणे १४, परत करा.

हे फंक्शन झोपू शकतं. युझरचं पेज डिस्कवर गेलेलं असेल तर ते येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून स्पिनलॉक (ज्याच्या आत झोपायला मनाई असते असं लॉक) धरून किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये ते वापरायचं नाही. इंटरप्टमध्ये तर आणखी वाईट, कारण त्या क्षणी सीआर३ मध्ये कुणाचा नकाशा आहे याचा भरवसा नाही. तुमच्या युझरचा पत्ता दुसऱ्याच प्रोसेसच्या नकाशात उलगडला जाईल. वर्कक्यू किंवा कर्नल थ्रेडला तर स्वतःचा युझर नकाशाच नसतो. सिस्टिम कॉल चालू असतानाच डेटा कर्नलच्या बफरमध्ये घ्या आणि पुढे तो बफर द्या. फार मोठा डेटा असेल आणि नक्कल परवडत नसेल, तर पेज पिन करणारी वेगळी फंक्शनं आहेत, पण पहिल्या ड्रायव्हरला ती नकोत.

तिसरी चूक सगळ्यात चोरटी. कोठी कचेरीच्या खिडकीवर अर्ज दिला की कारकून तो आपल्याकडे घेऊन मगच तपासतो. अर्ज तुमच्या हातात ठेवून त्याने तपासला आणि शिक्का मारायला पुन्हा मागितला, तर मधल्या वेळात तुम्ही आकडा बदलू शकता. कर्नलमध्ये हे असं घडतं: आधी हेडरमधून लांबी वाचली, ती तपासली, तेवढी जागा घेतली, मग हेडरसकट पूर्ण रचना पुन्हा नक्कल केली आणि पुढे त्या दुसऱ्या नकलेतली लांबी वापरली. दोन वाचनांच्या मध्ये युझरच्या दुसऱ्या थ्रेडने लांबी बदलली की तपासणी वाया. एक गोष्ट एकदाच वाचायची, आणि दोनदा वाचणं अटळ असेल तर दुसऱ्या नकलेत लांबीच्या जागी पहिली तपासलेली लांबी लिहून टाकायची.

उलट दिशेला, कॉपी_टू_युझरमध्ये, पॅडिंगकडे लक्ष द्या. रचनेत १ बाइटनंतर ४ बाइटचा पूर्णांक असेल तर मध्ये ३ बाइट रिकामे राहतात. रचना स्टॅकवर असेल तर त्या ३ बाइटांत कर्नल स्टॅकवरचा जुना मजकूर असतो, आणि तो युझरकडे जातो. सगळी रचना आधी मेमसेटने पुसा, मग भरा.

एवढं सगळं असताना कंपायलरने तुम्हाला अडवलं का नाही? पॉइंटरच्या डिक्लरेशनमध्ये ‘__युझर’ ही खूण असते, पण जीसीसी तिच्याकडे बघत नाही. ती स्पार्स या वेगळ्या तपासनिसासाठी आहे. स्पार्स बसवून मॉड्यूल (म्हणजे तुमचा ड्रायव्हर) बांधताना मेकला ‘सी’ची किंमत १ द्या. तुमच्या त्या ओळीवर ‘डीरेफरन्स ऑफ नोडेरेफ एक्स्प्रेशन’ असा इशारा यायलाच हवा.

आता त्या ‘कर्नल प्रत्येकाच्या नकाशात चिकटवलेला’ या वाक्याची दुरुस्ती. ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन जाहीर झालं. बिट २ चा ताळा इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांवर उशिरा लागू होत होता. पद ३ वरून कर्नलचा बाइट वाचला तर फॉल्ट होणारच, पण तो पक्का होण्याआधी पुढच्या सूचना त्या बाइटवर अंदाजाने चालून जात. त्या सूचनांनी २५६ पेजांच्या एका रांगेतलं बाइटच्या किमतीइतक्या क्रमांकाचं पेज चाळलं, की निकाल रद्द झाला तरी ते पेज कॅशमध्ये राही. नंतर २५६ पेजं एकेक करून वाचायची आणि वेळ मोजायचा. जे झटकन आलं, तो तुमचा बाइट. परवानगीचा नियम कुठेच मोडला नव्हता, तरी गुपित बाहेर आलं.

उपाय म्हणून लिनक्स ४.१५ मध्ये केपीटीआय आलं: प्रत्येक प्रोसेसला दोन वरची टेबलं, ८ किलोबाइटच्या जोडीत शेजारी शेजारी. युझर पद चालू असताना जे टेबल असतं, त्यात कर्नलचा जवळपास काहीच भाग नसतो, फक्त आत शिरायचा कोड, इंटरप्टची सारणी आणि प्रवेशापुरता छोटा स्टॅक. आत शिरल्याबरोबर सीआर३ चा १२ क्रमांकाचा बिट उलटवला की पूर्ण नकाशा मिळतो. विंडोजमध्ये याच कल्पनेला केव्हीए शॅडो म्हणतात. किंमत म्हणजे प्रत्येक सिस्टिम कॉलला सीआर३ चे दोन जादा फेरफार. टीएलबीतल्या नोंदींवर नकाशाचा क्रमांक ठेवणारी पीसीआयडी सोय असलेल्या प्रोसेसरवर टीएलबी पुसावा लागत नाही, म्हणून तिथे ही किंमत कमी लागते. सारखे छोटे छोटे सिस्टिम कॉल करणाऱ्या प्रोग्रामला ती जास्त जाणवते, नुसती गणितं करणाऱ्याला जवळपास नाहीच.

सिस फाइल सिस्टिममध्ये सीपीयूच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरात ‘मेल्टडाउन’ नावाची फाइल आहे. लॅबच्या हॅसवेलवर ती ‘मिटिगेशन: पीटीआय’ म्हणेल, नव्या लॅपटॉपवर बहुधा ‘नॉट अफेक्टेड’. म्हणजे उलटाच प्रकार आहे बघा. जुन्या मशीनवर युझरच्या नकाशात कर्नल आता नाहीच, नव्यावर आहे. तरी तुमची चूक जुन्यावर चालली, कारण केपीटीआय युझरच्या नकाशातून कर्नल काढतं, कर्नलच्या नकाशातून युझर काढत नाही. कर्नलच्या टेबलात युझरचा अर्धा भाग पूर्ण असतो. फक्त त्याच्या वरच्या नोंदींना ‘कोड चालवू नका’ची खूण केलेली असते, त्यामुळे स्मेप नसलेल्या जुन्या प्रोसेसरलाही निम्मं संरक्षण फुकट मिळतं.

फोनमधल्या एआरएम६४ वर हे सगळं जरा सुबक आहे. दोन अर्ध्यांसाठी मुळातच दोन रजिस्टरं, टीटीबीआर० युझरसाठी आणि टीटीबीआर१ कर्नलसाठी. पत्त्याचे वरचे बिट बघून प्रोसेसर टेबल निवडतो. स्मॅपच्या जागी पॅन आहे, एआरएम ८.१ पासून. रिस्क-५ वर त्याच कामाचा बिट एसयूएम नावाचा आहे आणि तो मुळात बंदच असतो. म्हणजे तुमचा तो कोड तिथे पहिल्या दिवसापासून पडला असता, आणि ते बरंच झालं असतं.

दुरुस्ती केल्यावर नुसतं ‘चाललं’ म्हणून सोडू नका. लॅपटॉपवर थेट प्रयोग नकोत, क्यूईएमयूमध्ये व्हर्च्युअल मशीन घ्या. जुन्या लॅबसारखं वागवायचं असेल तर सीपीयूच्या पर्यायात ‘होस्ट’, स्वल्पविराम आणि उणे चिन्हासह एसएमएपी लिहा. तुमचं मूळ मॉड्यूल तिथे पुन्हा ‘चालेल’, आणि निदान बरोबर असल्याचा तोच पुरावा. मग दुरुस्त मॉड्यूलला चार वाईट पॉइंटर द्या: शून्य, कुणीच न मागितलेला पत्ता, कर्नलच्या अर्ध्यातला पत्ता, आणि चौथा थोडा मेहनतीचा. एममॅपने शेजारची दोन पेजं घ्या, दुसरं मनमॅप करा, आणि हद्दीच्या ५० बाइट आधीपासून १०० बाइट लिहायला सांगा. चारही वेळा प्रोग्रामला ‘बॅड ॲड्रेस’ मिळालं पाहिजे आणि डीमेसगमध्ये एकही नवी ओळ येता कामा नये. चौथ्यात ५० हा आकडा परत आला, तर वर सांगितलेली पहिली चूक तुमच्याकडे आहे.

मध्येच ऊप्स आला तर मॉड्यूल काढून पुन्हा घालायच्या नादी लागू नका. मेलेल्या प्रोसेसने धरलेलं लॉक तसंच अडकून राहतं, मॉड्यूलची वापरसंख्या कमी होत नाही आणि आरएममॉड ‘इन यूज’ म्हणत बसतं. मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा पहिल्या पॉइंटरपासून सुरू करा.